अश्वगंधेला खत: शेणखत, जिवाणू आणि थोडासाच युरिया

आपल्याकडे कपाशीनं हाताला एक सवय लावली आहे: पाऊस पडला की पोतं फोडायचं. कोरडवाहू अश्वगंधेत मीही पहिल्या वर्षी तेच केलं. एकरी अर्धं पोतं युरिया टाकला. झाडं कमरेला लागली, बघणारे थांबून बघायचे. खणल्यावर मात्र मुळं सुतळीसारखी निघाली. इथे विकायचं असतं मूळ, पाला नाही. त्यामुळे कोणतं खत केव्हा द्यायचं, याला फार महत्त्व आहे.

मे महिना: माती आणि उकिरडा

माती परीक्षण आधी करून घ्या. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पालाश (पोटॅश) बहुधा पुरेसा असतो, त्यामुळे अहवालात कमी दिसल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. अश्वगंधेसाठी पाणी न साचणारी हलकी ते मध्यम जमीन निवडा. भारी रानात मूळ सडतं आणि खणायलाही जीव जातो.

एकरी 4 टन शेणखत लागतं, तेही पूर्ण कुजलेलं. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे आणि शेणाचा वास गेलेला असावा. कच्चं खत म्हणजे मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे झालेत, तेव्हा एवढं मिळत नसेल तर 2 टन शेणखत आणि 7 क्विंटल गांडूळखत घ्या. नत्राचा (नायट्रोजनचा) हिशोब जवळपास तेवढाच बसतो. शेवटच्या वखरणीआधी पसरून मातीत मिसळा. उन्हात ढीग पडून राहिले तर नत्र उडून जातं.

पेरणीआधी आठ-दहा दिवस: जिवाणूंचा ढीग

वरच्या खतातलंच 100 किलो बाजूला काढा. त्यात 2 किलो अ‍ॅझोटोबॅक्टर, 2 किलो पीएसबी आणि 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळा. पाणी शिंपडून निंबाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली झाकून ठेवा. यातला पहिला जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो, तो पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू मोकळा करतात. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, ती रोपांची मर आवरते. पेरणीच्या दिवशी हे खत पेरणीच्या ओळीत द्यायचं.

पाकीट घेताना मुदतीची तारीख बघा आणि दुकानात ते कुठं ठेवलं होतं तेही विचारा. टिनाखाली तापलेल्या पाकिटात जिवाणू मेलेले असतात, मग उरते ती नुसती काळी भुकटी.

सोनामुखी ही दुसरी औषधी वनस्पती लावणाऱ्यांनी शेंगा पाहून रायझोबियम (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आणू नये. तिच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

पेरणी: जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य

एकरी 5 किलो बियाणं. त्याला 125 ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर आणि तेवढंच पीएसबी गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बी बारीक असतं, म्हणून वाळूत मिसळून, दोन ओळींत 30 सेंटिमीटर ठेवून, एक-दोन सेंटिमीटरच खोल पेरा.

याच वेळी सिंगल सुपर फॉस्फेट, एकरी 37 किलो. म्हणजे साधारण 6 किलो स्फुरद. ते बियाण्यात कालवू नका. जिवाणूंच्या खतापासूनही वेगळं, बियाण्याच्या बाजूला पडू द्या. रासायनिक खत आणि जिवाणू एकाच घमेल्यात मिसळले की जिवाणू मरतात.

पंचवीस-तीस दिवसांनी: युरिया

आधी विरळणी, दोन रोपांत 8 ते 10 सेंटिमीटर. मग निंदण, डवरणी. त्यानंतर युरिया. शिफारशीचं 6 किलो नत्र म्हणजे 13 किलो युरिया, जिवाणू दिले असतील तर पाव भाग कमी करून 10 किलो. ओल असेल तरच, ओळीच्या बाजूला. पावसानं दडी मारली असेल तर टाकूच नका, कोरड्या मातीवर तो नुसता उडून जातो. पोळ्यानंतरही पाऊस चालू राहिला म्हणून दुसरा हप्ता देण्याचा मोह होतो. मला तोच मोह नडला होता.

कालमेघ, तुळस यांचा पाला विकतात, त्यांना नत्र थोडं जास्त चालतं. शतावरी बहुवर्षायू, तिला दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेणखत लागतं.

यंदा अश्वगंधेच्या दोन ओळी युरियाशिवाय सोडून बघा. फेब्रुवारीत खणल्यावर दोन्हीकडची मुळं वाळवून मोडा. चांगलं मूळ कट्कन मोडतं आणि आत पांढरं, पिठूळ दिसतं. चिवट धागे निघाले, तर पुढच्या वर्षी युरियाचं माप आणखी खाली आणा.