डोंगरमाथ्यावरची मोजणीची खूण कशी शोधावी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे उंचीरेषा दाखवणाऱ्या सविस्तर नकाशावर, डोंगरमाथ्यांची उंची दोन तऱ्हांनी लिहिलेली दिसते. काही ठिकाणी नुसता ठिपका आणि आकडा, तर काही ठिकाणी इवलासा त्रिकोण आणि आकडा. ठिपक्याचा अर्थ एवढाच, की इथली उंची अमुक आहे. त्रिकोणाचा अर्थ मात्र असा, की इथे कुणीतरी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, मांडून दिवसच्या दिवस बसलं होतं आणि उठताना दगडावर खूण करून गेलं. ती खूण बऱ्याचदा अजून तिथेच असते, आणि ट्रेकला आलेली मंडळी तिच्यावर सॅक टेकवून डबे सोडतात.

शोधायला निघण्याआधी नेमकं काय शोधायचं ते डोळ्यांपुढे हवं. इंग्लंडात यासाठी चार फुटी काँक्रीटचे खांब उभारले, ते लांबूनही दिसतात. आपल्याकडे तसं काही मनात धरून गेलात तर हात हलवत परत याल. आपली खूण म्हणजे कातळावर किंवा जमिनीत पुरलेल्या दगडावर कोरलेलं छोटं वर्तुळ आणि त्याच्या बरोबर मध्यावर एक ठिपका. बस्स. तिच्याभोवती चौथरा किंवा चुन्यात बांधलेला बुटका खांब असू शकतो, तिच्यावर दगडांची रास असू शकते, किंवा यातलं काहीच उरलेलं नसतं.

हे काम कुणाचं, तेही थोडक्यात सांगतो. विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजायला घेतली आणि ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे जीटीएस, सुरू झाला. एक रेषा साखळीने अगदी काटेकोर मोजायची आणि तिथून पुढे फक्त कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं, अशी ही पद्धत. लॅम्बटनचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा होता. तो माणसांच्या खांद्यांवरून डोंगर चढायचा. दक्षिणेकडून असं मोजत मोजत वर आलेला हा माणूस २० जानेवारी १८२३ ला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं.

शोधाची गुरुकिल्ली या पद्धतीतच आहे. कोन मोजायचा तर एका ठाण्यावरून, म्हणजे यंत्र मांडलं त्या जागेवरून, दुसरं ठाणं दिसायला हवं. दिवसा आरशाने उन्हाची तिरीप पाठवायची, रात्री दिवा. त्यामुळे मोजणीदाराला सगळ्यात उंच जागा नको होती, सगळ्यात मोकळी हवी होती. हे लक्षात ठेवा, वर गेल्यावर उपयोगी पडतं.

घरचा अभ्यास

निम्मा शोध घरी बसूनच होतो, आणि हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून टाळणारे बहुतेक रिकाम्या हाताने परततात.

आधी तुमच्या डोंगराचं टोपोशीट कोणतं ते काढा. जुन्या क्रमांकात एक युक्ती आहे. ४७ हा आकडा १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश एवढ्या मोठ्या चौकोनाचा. त्याचे एकेक अंशाचे १६ तुकडे, त्यांना ए ते पी अक्षरं. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६, त्यांना १ ते १६ आकडे. मोजायचं डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली, मग शेजारची उभी ओळ पुन्हा वरून खाली. पुणे शहर येतं ४७ एफ/१४ मध्ये, सिंहगड त्याच्या लगेच खालच्या ४७ एफ/१५ मध्ये, कळसूबाई ४७ ई/१० मध्ये. एकदा हे हाताला बसलं की कुठल्याही डोंगराचं शीट मिनिटात सांगता येतं. नव्या ओपन सिरीज नकाशांचे क्रमांक वेगळे असतात. ते १:५०,००० प्रमाणातले नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. त्याखेरीज अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९५०च्या दशकात निघालेले अमेरिकी लष्कराचे १:२,५०,००० नकाशे स्कॅन करून खुले ठेवले आहेत. प्रमाण लहान असलं तरी त्रिकोण त्यांतही सापडतात.

शीट उघडलं की आधी कोपऱ्यातली सूची वाचा. त्रिकोण म्हणजे त्रिकोणमितीय ठाणं. बी.एम. म्हणजे बेंचमार्क. तो उंचीचा संदर्भ असतो आणि सहसा माथ्यावर नसून खाली रस्त्याकडेला, पुलावर किंवा एखाद्या जुन्या इमारतीच्या जोत्यावर असतो. नवख्याने सरावाला बेंचमार्कपासूनच सुरुवात करावी. नागपूरकरांना तर घरबसल्या सोय आहे. झिरो माइलचा दगड पाहताना तिथला १९०७चा जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्क नीट वाचा. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! तो आकडा वाचला की या लोकांचा स्वभाव कळतो.

यानंतर जीटीएसच्या ‘सिनॉप्सिस’ या छापील खंडांचे स्कॅन मिळाले तर सोनंच. त्यांत ठाण्यांची वर्णनं आहेत: खूण कशावर आहे, डोंगर कोणत्या गावच्या हद्दीत येतो, आसपासची गावं कोणत्या दिशेला किती मैलांवर. गावांची स्पेलिंगं मात्र इंग्रजी कानांनी ऐकलेली असतात, तेव्हा मोठ्याने वाचा. डोळ्यांना न कळलेलं गाव कानाला पटकन कळतं. नावापुढे एच.एस. असेल तर हिल स्टेशन. थंड हवेचं ठिकाण नव्हे, डोंगरावरचं ठाणं!

आता एक खाचखळगा, ज्यात मी स्वतः पडलो आहे. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या १८३०च्या पृथ्वीवर बेतलेले आहेत आणि तुमच्या फोनमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींनी पृथ्वीचा आकार थोडा वेगळा धरलेला. जुन्या शीटवरचे आकडे जसेच्या तसे फोनमध्ये घातले, तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त चूक होते. मावळातल्या एका डोंगरावर मी पाऊण तास भलत्याच सोंडेवर कारवी तुडवत होतो. तेव्हा आकडे रूपांतरित करून घ्या, किंवा सरळ डोळ्यांनी उंचीरेषा जुळवा. ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच असल्याने तिथे ही भानगड नाही.

उंचीचंही तसंच. जुनी शीटं फुटांत असतात: कळसूबाई तिथे ५४०० फूट, म्हणजे आपले १६४६ मीटर. आणि उपग्रहावरची कच्ची उंची दाखवणारं ॲप असेल, तर ते पश्चिम महाराष्ट्रात नकाशापेक्षा साठ-सत्तर मीटर कमी दाखवतं. फोन बिघडलेला नसतो. तो समुद्रसपाटीऐवजी गणिती पृथ्वीपासून मोजतो, एवढंच.

कधी जावं, काय न्यावं

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत जाऊ नका. कमरेएवढ्या गवतात वीतभर वर्तुळ कोण शोधणार? गवत वाळून आडवं झालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर माथ्यावर असाल असं बघा, कारण तिरप्या उजेडात कोरीव रेघ सावलीने उठून दिसते. भर दुपारी तीच रेघ नाहीशी होते. सोबत शीटची छापील प्रत, होकायंत्र, विजेरी, मऊ ब्रश, पट्टी, वही आणि पाण्याची एक जास्तीची बाटली.

पहार, कुदळ, छिन्नी यांतलं काहीही नेऊ नका. खणायचं नाही हे एक कारण आहेच, पण दुसरं जास्त तातडीचं आहे. अनोळखी माणसं माथ्यावर दगड खरवडताना दिसली की खालच्या गावात पहिला शब्द उठतो तो ‘गुप्तधन’. आणि वर्तुळात ठिपका ही खूण तर त्या संशयाला अगदी साजेशी. म्हणून आधी गावात थांबा, चहा घ्या, काय करायला आलोय ते सांगा, नकाशा दाखवा. अभयारण्याची हद्द असेल तर वनखात्याच्या नाक्यावर रीतसर नोंद करा.

विचारावं कसं

‘ट्रायँग्युलेशन स्टेशन’ विचाराल तर रेल्वेचा रस्ता दाखवतील. गुरं राखणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारा, ‘बाबा, वर माथ्याला इंग्रजांच्या वेळचा मोजणीचा दगड हाय का? गोल आखलेला?’ ज्यांची हयात त्या डोंगरावर गेली त्यांना प्रत्येक वेगळा दगड ठाऊक असतो, फक्त तो कशाचा हे कुणी सांगितलेलं नसतं. एक आजोबा मला म्हणाले होते, ‘मोजणीचा न्हाय बाबा, कंपासवाल्याचा दगड हाय एक.’ तोच होता.

माथ्यावर

वर पोचल्यावर आधी खाली बघू नका, आजूबाजूला बघा. माथ्यावर फिरून अशी जागा शोधा जिथून चारी दिशांचे डोंगर एका जागी उभं राहून दिसतात. सगळ्यात उंच टोकाला देऊळ असेल तर ठाणं बऱ्याचदा दहा-वीस पावलं बाजूला निघतं. मग त्या जागेभोवती शंखासारखे वाढत जाणारे फेरे घ्या. चौथऱ्याची ओळ, चुन्याचे ढेकळ, घडीव चिरा, आजूबाजूच्या दगडांशी न जुळणारी रास, असं काही दिसलं की थांबा.

काळ्या कातळावर खूण दिसत नसेल तर थोडं पाणी ओता आणि विजेरी जमिनीलगत आडवी धरा. कोरीव भागात पाणी थांबतं आणि वर्तुळ उमटतं. दगडावर दगडफूल चढलेलं असेल (हो, मसाल्यातलंच) तर तारेच्या ब्रशने खरवडू नका. खडूने किंवा रंगाने रेघ गिरवणं तर मुळीच नको.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे रास उपसण्याचा. मोजणीदारांनी बऱ्याच ठाण्यांवर एकाखाली एक खुणा केल्या होत्या: एक खांबाच्या माथ्यावर, दुसरी बरोबर तिच्या खाली कातळावर. वरची फुटली तरी खालची राहावी म्हणून. आणि खालची टिकली आहे ती वरच्या दगडांमुळेच. रास हलवली की गुरांचे खूर, पाऊस आणि आपल्यासारखे हौशी यांना ती उघडी पडते. रास दिसली, जागा जुळली, दिशा जुळल्या, तर ‘बहुधा खाली आहे’ असं लिहून पुढे व्हा. मोजणीच्या आणि हद्दीच्या खुणांची नासधूस हा जमीन महसूल कायद्याने गुन्हाही आहे, पण तो नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

चकवे

आपल्या डोंगरांवर माणसाने दगडाला इतका हात लावला आहे की नवखा फसतोच. खोल, रुंद, एकटं भोक म्हणजे लाकडी खांब रोवायची जागा. गडांवर ती ढिगाने असतात. दोन ओळींत खोदलेल्या वाट्या म्हणजे मंकला, पहारेकऱ्यांचा खेळ. सूर्य-चंद्र कोरलेला उभा दगड म्हणजे वीरगळ किंवा गद्धेगाळ (गाढव कोरलेला शापाचा दगड). सापडला तर भाग्य समजा, पण तो मोजणीचा नव्हे. ओळीने ठरावीक अंतरावर लागणारे बुरूज वनखात्याच्या हद्दीचे. दोन-तीन गावांच्या सीमा मिळतात तिथला दगड शिवेचा. शेंदूर लावलेला दगड मात्र काहीही असू शकतो. आधी मोजणीचा, मग म्हसोबा झालेला असाही असतो. तिथे चपला काढा, लांबून फोटो घ्या, शेंदराखाली बोट घालू नका.

पारख

खूण सापडली असं वाटलं की तिच्यावर उभे राहा आणि नकाशा दिशेला लावून धरा. शीटवरचे आजूबाजूचे त्रिकोण शोधा आणि होकायंत्राने एकेकाकडे बघा. तीन तरी दिसायला हवेत, मधे आडवा येणारा डोंगर नको. धुरकट हवेत लांबचे दिसणार नाहीत, तेव्हा घरी उंचीरेषांवरून पडताळा. वर्तुळ आहे पण एकाही ठाण्याकडे नजर जात नाही, तर ते वर्तुळ दुसऱ्याच कुणाचं तरी.

मग नोंद. एक फोटो खुणेचा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. एक दहा पावलं मागून. आणि चार दिशांच्या क्षितिजाचे चार. फोन खुणेवर पाच मिनिटं तसाच ठेवा म्हणजे आकडा स्थिरावतो. वहीत तारीख, गाव, कुणी वाट दाखवली, आणि अवस्था: शाबूत, फुटकी, रासेखाली, सापडली नाही. शेवटची नोंद वगळू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचं काम आता उपग्रह आणि कॉर्स केंद्रांवर (सतत चालू असणाऱ्या जीपीएस केंद्रांवर) चालतं, या माथ्यांवर मुद्दाम कुणी चढत नाही, त्यामुळे ‘अमुक साली अमुक जागी नव्हती’ हीसुद्धा बातमीच असते. जागा समाजमाध्यमांवर टाकताना मात्र नेमके आकडे देऊ नका. गुप्तधनवालेही फोन वापरतात.

उतरायच्या आधी क्षितिजावरच्या त्रिकोणांपैकी जवळचा एक निवडा आणि त्याची दिशा अंशांत लिहून घ्या. पुढच्या रविवारी तिथून उलटं बघायचं आहे.