थंडीतलं ब्रूडिंग: थर्मोस्टॅटचा आकडा खरा आहे का, ते आधी बघा

ब्रूडिंग म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना पहिले काही आठवडे बाहेरून ऊब देणं, आणि ती ऊब ठरलेल्या आकड्यावर राखणारी पेटी म्हणजे थर्मोस्टॅट. मार्गशीर्ष लागला की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि माझा फोन वाजायला लागतो. "पिल्लं मरताहेत, कुठलं औषध देऊ?" औषधाचं नंतर बघू. थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठं लटकतोय ते आधी सांगा.

गेल्या पौषात एका शेडवर पहाटे साडेचारला गेलो. पाचशे पिल्लांचा लॉट (एकदम आणलेली खेप), वय चार दिवस. स्क्रीनवर ३५ अंश दिसत होते, मालक निर्धास्त. पिल्लं मात्र एका कोपऱ्यात तीन थरांत चढलेली, खालची चेपून गेलेली. जवळचं थर्मामीटर खाली अंथरलेल्या तुसावर ठेवलं तर २४ अंश. सेन्सरची वायर लोंबू नये म्हणून कुणीतरी ती बल्बच्या होल्डरला गुंडाळली होती. सेन्सर बल्बची ऊब मोजत होता आणि "झालं, पुरे" म्हणून बल्ब विझवत होता. सेन्सर खाली घेतला, सगळे बल्ब लागले, अर्ध्या तासात ढीग सुटला. तोवर दीडशेच्या आसपास पिल्लं गेली होती. दुकानदाराने आधीच अँटिबायोटिक आणि लिव्हर टॉनिक गळ्यात मारलं होतं. थंडीने कुडकुडणाऱ्या पिल्लाला टॉनिक पाजून काय होणार?

हे यंत्र साधं आहे. आपल्याकडच्या बहुतेक डिजिटल थर्मोस्टॅट पेट्यांत सेन्सरच्या टोकाला थर्मिस्टरचा मणी असतो. ऊब वाढली की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि पेटी त्यावरून तापमान ओळखते. ठरवलेला आकडा आला की आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) 'टक्' करून बल्ब तोडतो. पुन्हा कधी जोडायचं हे फरकावर ठरतं. ३५ लावून फरक १ ठेवला तर बल्ब ३४ ला परत लागतो. काही पेट्यांत हा फरक ४-५ ठेवलेला असतो, तेवढ्यात रात्री ढीग लागतो. तो १ वर आणा. जुन्या ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनात) आणि अंडी उबवण्याच्या यंत्रात बिस्किटासारखी पत्र्याची चकती असते. आतला द्रव ऊब लागली की वाफ होऊन चकती फुगवतो आणि ती फुगून स्विच दाबते. बस्स, एवढंच.

लॉट येण्याच्या आदल्या दिवशी तपासणी करा, पिल्लं आल्यावर नको. आधी मेन स्विच बंद करून वायरी बघा.

बर्फाची परीक्षा: स्टीलच्या पेल्यात बर्फ कुटून भरा, भिजेल इतकंच पाणी घाला. सेन्सर मधोमध धरून तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकवू नका. मणी उघडा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. आकडा ० यायला हवा. २ आला तर तेवढी दुरुस्ती पेटीच्या सेटिंगमध्ये करा, ती सोय नसेल तर खडूने पेटीवर लिहून ठेवा.

कोमट पाण्याची परीक्षा: आपलं काम ३५ च्या आसपास असतं, म्हणून ही जास्त महत्त्वाची. घरातलं ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर आणि सेन्सर दोन्ही ३८ अंशांच्या पाण्यात एकत्र धरा. अर्ध्या अंशाचा फरक चालेल, दोनाचा नाही. उकळत्या पाण्यावर जाऊ नका. नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, शिवाय स्वस्तातला सेन्सर तिथं कायमचा बिघडतो.

टक्-परीक्षा: सेन्सर मुठीत धरा, ठरवलेला आकडा खाली आणा. टक् आवाज येऊन बल्ब विझला पाहिजे. आवाज आला आणि बल्ब चालूच राहिला, तर रिलेची टोकं चिकटली आहेत. ती पेटी वापरू नका. रात्रभर हीटर चालू राहून पिल्लं भाजतात, तूस पेट घेतं. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि २००० वॅटचा हीटर जवळपास ९ खातो. मोठ्या हीटरला मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा स्विच) घालून घ्या.

चकती असेल तर ४० अंशांच्या पाण्यात बुडवा. फुगली नाही किंवा बुडबुडे आले, तर फुटकी आहे. ती दुरुस्त होत नाही, बदला.

मोबाइलवर दिसणारी महागडी पेटी घ्या म्हणून दुकानदार मागे लागेल. चुकीच्या जागी टांगली तर तीही खोटंच बोलते. साधी पेटी आणि तुसावर ठेवलेलं वेगळं काचेचं थर्मामीटर, एवढ्यावर लॉट निघतो.

सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर ठेवा. बल्बच्या थेट खाली नको, ब्रूडरच्या कडेजवळ. पिल्लं वाढतील तसा दर आठवड्याला वर घ्या.

तापमान: पहिला आठवडा ९५ फॅरनहाइट (३५ सेल्सिअस), दुसरा ९० (३२), तिसरा ८५ (२९.५), चौथा ८० (२६.५). तक्ता फॅरनहाइटमध्ये आणि पेटी सेल्सिअसमध्ये, हा घोळ दरवर्षी कुणीतरी घालतोच.

बाकीची कामं:
– शेडला चुना, तूस २ ते ३ इंच, वर कागद
– चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण) दीड फूट उंच
– ब्रूडर पिल्लं येण्याआधी २४ तास चालू
– पहिलं पाणी गुळाचं, कोमट
– थंडीत दर पिल्लामागे २ वॅट. एलईडी बल्ब ऊब देत नाही
– लासोटा (राणीखेतची लस) ५ ते ७ व्या दिवशी, गंबोरोची लस १४ व्या दिवशी

आकड्यापेक्षा मी पिल्लांवर जास्त विश्वास ठेवतो. बल्बखाली गर्दी म्हणजे थंडी, कडेला पांगून पंख पसरून धापा टाकणं म्हणजे उकाडा, सगळी एकाच बाजूला म्हणजे कुठून तरी वारा येतोय. पिल्लू उचलून पाय गालाला लावा. गार लागले तर स्क्रीन काहीही म्हणो, ऊब वाढवा. आणखी एक अंदाज माझा: दिवेलागणीला वारा पडला आणि चुलीचा धूर वर न जाता शिवारावर लोळायला लागला, तर त्या रात्री मी एक अंश जास्त लावतो.

लाइट गेली की थर्मोस्टॅट नुसता डबा. शेगडी आणि कोळसा तयार ठेवा. शेगडी पेटल्यावर वरचा पडदा हातभर उघडा राहू द्या, नाहीतर धुरानेच पिल्लं जातील. ऊब नीट देऊनही मरतूक थांबली नाही, तर ताजं मेलेलं पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, दुकानात नको.

या आठवड्यात गजर पहाटे चारचा लावा. शेडमध्ये शिरल्यावर लगेच दिवा लावू नका, दारात मिनिटभर उभं राहून ऐका. थंडी लागलेली पिल्लं मोठ्याने, एकसारखी चिवचिवतात.