नागपुरात किरायाचा धंदा: दुसरी जागा घेण्याआधीचा हिशेब

समजा, मनीषनगरात 45 लाखांचा टू बीएचके घेतला आणि तो 15 हजारांनी किरायाने गेला. वर्षाचे 1 लाख 80 हजार झाले, म्हणजे 4 टक्के. त्यातून मालमत्ता कर, मेंटेनन्स, रंगरंगोटी आणि एखादा रिकामा महिना वजा केला की तीनच टक्के उरतात. त्याच फ्लॅटवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाखांचे कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता 26 हजार येतो. ‘किराया हप्ता फेडतो’ असे सांगून फ्लॅट विकणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हा हिशेब कागदावर मांडायला सांगावा.

म्हणून छोट्या मालकाची वाढ दोनच गोष्टींवर होते. जागा रिकामी राहण्याचे दिवस कमी करायचे आणि हातात असलेल्या प्लॉटवरच किरायाने जाणाऱ्या खोल्या वाढवायच्या. नवा फ्लॅट त्यानंतर.

रिकामा महिना किती महाग पडतो, हे नवख्या मालकाला लवकर पटत नाही. 12 हजारांवर अडून बसलात आणि महिनाभर कुणी आले नाही, तर वर्षाचे 1 लाख 32 हजार मिळतील. पहिल्याच दिवशी साडेअकरा हजारांना दिली असती तर 1 लाख 38 हजार. पाचशे रुपयांसाठी थांबायची हद्द पंधरा दिवसांची. पुढचा प्रत्येक दिवस तोट्याचा.

त्यातही जागा कोणत्या महिन्यात रिकामी होते, हे महत्त्वाचे. विद्यार्थी प्रवेशाच्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबरमध्ये, खोल्या शोधतात; मुलांच्या शाळा असलेली कुटुंबे एप्रिल-मे मध्ये हलतात. नोव्हेंबरात मोकळी झालेली विद्यार्थ्यांची खोली कित्येकदा पुढच्या हंगामापर्यंत तशीच पडून राहते. तेव्हा डोळे मिटून 11 महिन्यांचा करार करू नये. नोव्हेंबरात कुणी आला तर पहिला करार 7 महिन्यांचा करावा, म्हणजे तो मे अखेर संपतो. कराराची शेवटची तारीख हंगामाच्या तोंडाशी आणून ठेवणे, एवढ्या एका गोष्टीने वर्षाच्या किरायाची सरासरी सुधारते.

भाग बदलला की माल बदलतो. मेडिकल चौक, हनुमाननगर, रामबाग या पट्ट्यात एकटा डॉक्टर किंवा नर्सिंगची मुले एक खोली मागतात आणि चालत जाता येते का ते विचारतात. हिंगणा रोड, वानाडोंगरीकडे कॉलेजची मुले आणि एमआयडीसीतले कामगार, दोघेही वाटून राहतात. विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात नोकरी करणारे सोमलवाडा, मनीषनगर, बेसा, बेलतरोडी पाहतात. त्यांना पार्किंग आणि लिफ्ट हवी असते. बेसा-बेलतरोडीत फ्लॅटच्या नव्या स्कीम इतक्या झाल्या आहेत की एकाच गल्लीत ‘किरायाने देणे’च्या सहा पाट्या दिसतात. तिथे जुन्या फ्लॅटने नव्याशी दराने झुंजण्यात अर्थ नाही. पलंग, गीझर, कुलर लावून तयार घर द्यावे.

कुलरचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि घर पाहायला आलेला माणूस आधी ‘कुलर कुठे लागेल?’ हेच विचारतो. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्यावर सावली, जवळच अर्थिंग असलेला सॉकेट आणि अर्ध्या इंची पाण्याची लाइन फ्लोट व्हॉल्व्हसकट (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा नळ) देऊन टाकावी. लाइन नसली की किरायेदार बादलीने किंवा नळीने पाणी भरतो, ते भिंतीत मुरते आणि पावसाळ्यानंतर पोपडे निघतात. खर्च मालकाच्या माथी. खालून निचऱ्याची नळी काढायला विसरू नये. जुलैत कुलरची टाकी कोरडी करून घ्यावी, नाहीतर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. वरच्या मजल्याला मार्चमध्येच गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग मारावा. स्लॅब तापला की एप्रिलमध्येच वरची खोली सुटते.

किरायेदाराशी भांडण बहुधा विजेच्या बिलावरून होते. चार खोल्यांना एकच मीटर असेल, तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे ते वरच्या टप्प्यात जातात. मग ‘माझे तर शंभरच युनिट झाले’ म्हणणाऱ्याला समजावणे अवघड. प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर घ्यावा. ते शक्य नसेल तर सबमीटर लावावा, प्रत्येक युनिटचा दर करारात लिहावा आणि दर महिन्याला रीडिंगचा फोटो दोघांकडे असू द्यावा. एसीसाठी 4 चौरस मिलिमीटर तारेची वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) हवा. जुन्या घरांतल्या बारीक तारेवर एसी चालवला की सॉकेट जळतो. पाणी माणशी रोज 135 लिटर धरावे. सहा जणांना 1000 लिटरची टाकी पुरते, पण उन्हाळ्यात कुलर तेच पाणी पितात, तेव्हा 1500 ची बसवावी.

‘11 महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात चुकीचे आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1000 रुपये. आधारवर अंगठा देऊन हे काम घरबसल्या होते. महिना 12 हजार आणि 30 हजार डिपॉझिट असले तरी 11 महिन्यांसाठी मुद्रांक तीनशे-चारशेच्या घरात जातो. एवढ्यासाठी साध्या स्टॅम्पपेपरवर भागवू नये. मुदत संपल्यावर किरायेदार निघाला नाही, तर नोंदणीकृत करार असलेल्या मालकाला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. आत जायच्या दिवशीच भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढावा. डिपॉझिट परत करताना त्याचा उपयोग होतो.

पुढची जागा कधी घ्यायची? आधीच्या जागा दोन हंगाम न रेंगाळता गेल्या असतील आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडले असतील तेव्हा. तीही आधीच्या जागेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, म्हणजे एकच प्लंबर आणि एकच इलेक्ट्रिशियन पुरतो. नागपुरात स्वस्त प्लॉट दिसला की आधी आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, विचारावा. 572 आणि 1900 या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटमधल्या नियमितीकरण न झालेल्या प्लॉटवर बँका कर्ज द्यायला कचरतात, आणि उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईकही तिथेच अडते. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर भाडेपट्ट्याचे नूतनीकरण कधी झाले ते पाहावे. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मालकीच्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च आणि कराची चालू पावती वकिलाला दाखवूनच बयाणा द्यावा. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी किंवा नाग नदीच्या काठी जागा असेल, तर 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात पाणी कुठवर चढले होते ते शेजाऱ्यांना विचारावे. तळमजला बुडाला असेल, तर मीटर आणि पंप वर घ्यायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.