व्यायच्या सुमारास जंत का उसळतात आणि औषध कुणाला पाजायचं

अख्ख्या कळपाला एकाच दिवशी जंतनाशक पाजून मोकळं व्हायची सवय सोडा. जंतांना दाबून ठेवायची ताकद सगळ्या शेळ्या-मेंढ्यांत सारखी नसते. जनावराचं वय किती, मादी गाभण आहे, दुभती आहे की भाकड, यावर ती ठरते.

एरवी धडधाकट मादी अळ्यांना मोठं होऊ देत नाही आणि जंतांची अंडीही कमी पडतात. व्यायच्या साधारण दोन आठवडे आधी हा दाब सुटू लागतो आणि व्याल्यावर सहा ते आठ आठवडे सुटलेलाच राहतो. या दिवसांत प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं चढतात, शिवाय खाल्लेली प्रथिनं आधी गर्भाकडे नि मग कासेकडे वळतात. चौथ्या पोटाच्या अस्तरात निजलेल्या अळ्याही याच सुमारास जाग्या होतात. रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंताची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. म्हणजे आई वरून तुकतुकीत दिसते, पण तिच्या लेंड्यांतून कुरणात अळ्या पेरल्या जातात आणि नुकतंच गवत तोंडात धरायला शिकलेलं पिल्लू त्याच खातं.

संप्रेरकांवर आपला हात चालत नाही, खुराकावर चालतो. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत प्रथिनयुक्त पेंड वाढवा. जुळी असतील तर आणखी, कारण ओढ तिथे जास्त.

पिल्लांची तर पाटी कोरीच असते. कोकरांत ताकद साधारण सहा महिन्यांनंतर दिसू लागते. करडांना वर्षभर लागतं, आणि शेळीत ती मेंढीइतकी पक्की होतच नाही. मात्र तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला ढाळ लागली तर आधी कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचा, संशय घ्या. त्यावर जंतनाशक पाजून काही होत नाही, त्याचं औषध वेगळं. नरांत टेस्टोस्टेरॉनमुळे प्रतिकार थोडा ढिला असतो, म्हणून पैदाशीच्या नराला तपासणीतून वगळू नका.

औषध कुणाला, हे पापणी सांगते. जनावर उन्हात उभं करा. गोठ्यातल्या अंधारात सगळ्याच पापण्या फिक्या वाटतात. अंगठ्यानं वरची पापणी मिटवून डोळा हलकेच आत दाबा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढा आणि आतलं अस्तर पटकन पाहा, जास्त वेळ ताणलं तर रंग बदलतो. ‘फामाचा’ (FAMACHA) नावाच्या, पापणीचा रंग जुळवून पाहायच्या तक्त्यावर 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे पांढरंफटक. 4 आणि 5 ला औषध द्याच. 3 असेल तर गाभण, दुभत्या आणि पिल्लांना द्या. जबड्याखाली पाणी साचलं असेल तर आकड्याची वाट पाहू नका. ही खूण रक्त पिणाऱ्या जंतांपुरती, बाकीच्यांसाठी लेंडी तपासावी लागते.

लेंडी जमिनीवरची नको, थेट गुदद्वारातून काढलेली हवी. लगेच तपासणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, उष्ण हवेत अंडी दिवसभरात फुटतात. एक लिटर पाण्यात 400 ग्रॅम मीठ ढवळा. तळाशी थोडं उरलं की द्रावण तयार. 2 ग्रॅम लेंडी 28 मिली द्रावणात कुस्करून गाळा, मॅकमास्टर काचेचे (अंडी मोजायची, चौकटी आखलेली काच) दोन्ही कप्पे भरा, पाच मिनिटं थांबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीतली अंडी मोजा. दोन्ही कप्प्यांची बेरीज गुणिले 50, ही एका ग्रॅममधली अंडी.

धडधाकट भाकड माद्यांना शक्यतो औषध देऊ नका. त्यांच्या पोटातले, औषधाला अजून बळी पडणारे जंत कुरणात टिकले, तरच औषध पुढेही चालतं. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक टाळा, गर्भात व्यंग येऊ शकतं. शेळीचं शरीर बरीच औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीचा डोस शेळीला अपुरा पडतो; पण लेव्हामिसोल हे जंतनाशक अंदाजानं वाढवाल तर विषबाधा होईल. शेळीचा डोस पशुवैद्याकडूनच घ्या. वजन डोळ्यांनी ठरवू नका, काट्यावर करा, आणि औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडा.

14 दिवसांनी त्याच जनावरांची लेंडी पुन्हा मोजा. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर आधी वजन आणि डोस पडताळा. ते बरोबर निघालं तर तुमच्या कळपातले जंत त्या औषधाला सरावले आहेत. पुढच्या खेपेला दुसऱ्या गटातलं औषध लागेल.