भरदिवसा शुक्र कसा शोधावा

शुक्राची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) उणे ४च्या आसपास असते. स्वच्छ निळ्या आकाशात तो दुपारीही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अडतं ते शोधण्यात.

शुक्र सूर्यापासून किमान ३५ अंश दूर असेल तो काळ निवडा. ४७ अंशांच्या पलीकडे तो जातच नाही. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. शेजारी चंद्रकोर असेल तर काम निम्मं झालं. मोबाइल ॲपच्या बाणावर विसंबू नका, होकायंत्र काही अंशांनी सहज चुकतं.

उभं राहायचं ते इमारतीच्या सावलीत, सूर्य पूर्ण झाकून. बायनॉक्युलरमधून क्षणभर सूर्य दिसला तरी दृष्टिपटल जळतं, आणि तेव्हा दुखतही नाही. दुपारनंतर इमारतीच्या पूर्वेला सावली वाढत जाते, म्हणून संध्याकाळचा शुक्र सोपा. पहाटेच्या शुक्रासाठी सकाळी पश्चिमेला उभे असाल तर सावली आखडते आणि सूर्य छपरावरून डोकावतो. तिथे जागा बदलत राहावं लागतं.

आता खरी गोम. रिकाम्या आकाशाकडे पाहताना डोळ्याला धरायला काहीच नसतं, त्यामुळे फोकस आपोआप जवळ येतो. मग समोरचा शुक्रही पुसट होऊन निळ्यात विरतो. 'नीट बघा, दिसेल' हा सल्ला इथे कुचकामी आहे. टक लावाल तितका तो हरवेल. बळीचं दान अडवायला असुरांचे गुरू झारीच्या तोंडात बसले आणि वामनाच्या दर्भाने त्यांचा डोळा गेला. इथे झारीतला शुक्राचार्य म्हणजे आपलाच फोकस. (सूर्याच्या तेजात गडप होऊन दुसऱ्या बाजूला उगवणाऱ्या ग्रहाला संजीवनी जाणणाऱ्याचं नाव शोभतंही.)

उपाय असा: ७×५० किंवा १०×५०चा बायनॉक्युलर आदल्या रात्री ताऱ्यावर फोकस करून चाकावर चिकटपट्टी लावा. दिवसा त्याच फोकसने संथपणे आकाश विंचरा. शुक्र सापडला की दूरच्या छपराची कड त्याच्या लगत येईल असे सरका. कड आपल्यापासून निदान वीसेक मीटर दूर हवी. बायनॉक्युलर खाली घ्या, आधी कडेवर नजर ठरवा, मग तिथून हळूच वर न्या. टिपका चटकन उमटतो.

दर चार मिनिटांना तो एक अंश सरकतो. दहा मिनिटांनी जुन्या जागी शोधलात तर अडीच अंश चुकाल.

छोटी दुर्बीण असेल तर शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिवसाच बघा. अंधारात शुक्र इतका झगझगतो की कडा फुटतात. दिवसा अर्धा शुक्र किंवा कोर रेखीव दिसते.