घरकुलाची यादी करताय? या चुका टाळा

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात 'बेघर कुटुंबे' या रकान्यापुढे 'निरंक', म्हणजे एकही नाही, असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. रायगड जिल्ह्यात ग्रामसेवकीत उभी हयात गेली. निरंकचा अर्थ मला एकच माहीत आहे : भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, वाडीवर गेलेच नाहीत, किंवा गेले ते चुकीच्या महिन्यात.

ही चुकीच्या महिन्याची चूक मी स्वतः केलेली आहे. जानेवारी 2019, आवास प्लसचा, म्हणजे घरकुल यादीतून सुटलेल्यांची नावं घ्यायचा सर्वे. चढण चढून कातकरवाडीवर पोचलो तर बावीस झोपड्यांपैकी सतरा बंद. कुलपं नव्हतीच, दाराला करवंदीच्या फांद्या लावून वर सुंभ बांधलेला. मी 'घर बंद, स्थलांतरित' लिहिलं आणि दोन वाजता ऑफिसात चहाला हजर. दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण मार्चच्या आत माहिती भरायची होती, आणि परत चढण चढायचा कंटाळा.

मेअखेर माणसं टेम्पोतून परतली. कोंबड्या, टोपं, पोरं सगळं एकात एक. एक म्हातारी पंचायतीत येऊन विचारते, "भाऊसाहेब, आमची नावं घातलीस ना?" सर्वे तोवर बंद झालेला. त्या सतरा घरांना वाट सापडली ती पीएम-जनमन ही केंद्राची योजना आल्यावर, म्हणजे नोव्हेंबर 2023 नंतर. त्यात कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना घरामागे 2 लाख मिळतात. मधले पावसाळे त्यांनी प्लास्टिकखाली काढले.

तेव्हापासून मी भातलावणीच्या दिवसांत जातो, तेही रात्री आठनंतर. चिखलात गमबूट घालून जायला नवीन पोरं नाकं मुरडतात, त्यांना मोबाईलवर फोटो टाकला की सर्वे झाला असं वाटतं. आणि भट्टीच्या हंगामातच सर्वे आला, तर मुकादमाचा नंबर मिळवून थेट भट्टीवर जायचं. जनगणनेनेसुद्धा 2011 मध्ये बेघर मोजले ते 28 फेब्रुवारीच्या रात्री. दिवसा उघड्यावर झोपलेलं कोण सापडणार?

दुसरी चूक, 'जागा नाही' म्हणून नाव मागे टाकणं. वाडी कुणाच्या तरी आजोबांनी मजुरीसाठी वसवलेली, सातबारा मालकाचा. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, पण विकणारे सह्या करायला हवेत ना! सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली वीस मुंबईला. टपालाने नोटिसा धाडून काही होत नाही. मी गणपतीत जातो. चाकरमानी घरी असतो, आरती झालेली असते, मूड चांगला असतो. तरी एखादा चुलता अडतोच, त्याच्यासाठी शिमगा आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बंद घरं मोजून 'गावात घरं माणसांपेक्षा जास्त' असं ग्रामसभेत सांगू नका. ती बोरिवलीकरांची आहेत, त्यात विधवा सुनेला कोण राहू देतं?

मार्चअखेर पाया मारून हप्त्याची वाट बघत बसू नका. चिरा वर चढवायचा रस्ता जूनमध्ये वाहून जातो आणि पायाच्या खड्ड्यात बेडूक बसतात.

डोंगरउतारावर जागा फुकट मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. जुलै 2021 मध्ये तळिये दरडीखाली गेलं, जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी. आधी भूवैज्ञानिकाला आणा, मग आखणीचा चुना टाका.

अपंगांना घरवाटपात 5 टक्के आरक्षण 2016 च्या कायद्याने दिलंय. रॅम्प नकाशातच काढा. मागून केलेल्या रॅम्पवर पहिल्या पावसात शेवाळ धरतं आणि चाकाची खुर्ची पडवीतच राहते.

आणि नगरपरिषदवाल्यांनो, बेघरांसाठी लाख वस्तीमागे शंभर माणसांचा निवारा, माणशी 50 चौरस फूट, हे माप वाचून 'आमचं शहर लाखाच्या आत, आम्हाला लागू नाही' असं म्हणणारे मी पाहिलेत. रात्री अकराला एसटी स्टँडवर एक चक्कर मारा, मग जेट्टीवर. जाताना टॉर्च तोंडावर मारू नका, आणि सोबत पोलीस तर अजिबात नको. पोलीस दिसला की सगळे उठून चालू लागतात, आणि तुमचा रकाना परत निरंक.