थायरॉइडची गाठ आणि रक्तातलं झिंक, कॉपर, सेलेनियम : या चुका टाळा

पुण्यात हल्ली फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या जोडीला झिंक, कॉपर, सेलेनियम, शिसं, कॅडमियम अशी लांबलचक यादी असते. रिपोर्ट मोबाइलवर येतो, एखादा आकडा लाल दिसतो आणि घरातलं कोणीतरी लगेच शोधायला बसतं. 'थायरॉइड कॅन्सरच्या रुग्णांत सेलेनियम कमी, कॉपर जास्त' असं वाक्य सापडतंच. जिच्या मानेत आधीच छोटीशी गाठ आहे, तिची झोप उडते. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त धोक्याचं आहे : सगळे आकडे नॉर्मल आले म्हणून गाठीकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

रक्ततपासणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधीच स्पष्ट सांगते. रक्तातल्या या सूक्ष्म मूलद्रव्यांच्या आकड्यावरून गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे आज कोणालाही सांगता येत नाही.

सरासरीतला फरक म्हणजे निदान, असं समजणं

या संशोधनामागे विचार पक्का आहे. वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरात सर्वांत जास्त सेलेनियम थायरॉइड ग्रंथीत असतं. टी-4 या थायरॉइड हार्मोनचं टी-3 या हार्मोनमध्ये रूपांतर करणारी एन्झाइम्स सेलेनियमवर चालतात. हार्मोन बनवताना ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्यापासून पेशींना वाचवणारी एन्झाइम्सही सेलेनियमचीच. त्यामुळे कॅन्सर झालेल्यांच्या रक्तात या मूलद्रव्यांचं काय होतं, हे बघावंसं वाटणं साहजिक आहे. अनेक अभ्यासांत रुग्णांचं सेलेनियम सरासरीने कमी आणि कॉपर जास्त आढळलं, काही अभ्यासांत फरक दिसला नाही.

पण हे सगळे गटांचे आकडे आहेत. रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाचा आकडा हातात घेऊन तो कुठल्या गटातला हे ठरवता येत नाही. शिवाय बहुतेक अभ्यासांत रक्त घेतलेलं असतं ते आजार कळल्यावर. सेलेनियम कमी होतं म्हणून आजार झाला, की आजारामुळे आणि बदललेल्या जेवणामुळे ते कमी झालं, हे त्यातून उलगडत नाही. त्यात अन्नाचा आणि मातीचा भाग वेगळाच. पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम भरपूर आहे. तिथला गहू खाणाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा एका फूटपट्टीने मोजायचा कसा?

हिशोब करून बघा. समजा, मानेत गाठ असलेल्या 1000 जणी आहेत आणि त्यातल्या 50 जणींना खरोखर कॅन्सर आहे. एखादी रक्ततपासणी 80 टक्के रुग्ण ओळखते आणि 80 टक्के निरोगींना बरोबर निरोगी ठरवते, असंही धरू. मग 40 रुग्ण सापडतील, 10 निसटतील आणि 190 निरोगी बायकांना कॅन्सरचा धाक बसेल. ऐकायला चांगल्या वाटणाऱ्या तपासणीची ही गत, आणि झिंक-कॉपरची तपासणी या कामासाठी तेवढीही सिद्ध झालेली नाही.

रक्त कुठल्या नळीत घेतलं, हे न बघणं

या तपासण्यांत सर्वांत जास्त घोळ मशीनमध्ये होत नाही, रक्त घेताना होतो. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी गडद निळ्या बुचाची वेगळी नळी असते. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक रक्तात उतरू शकतं. रविवारी सकाळी कोथरूडमध्ये घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाच्या पेटीत ती नळी असेलच असं नाही. नसेल तर लाल बुचाच्या नळीत सगळं एकत्र घेतलं जातं. शीर मिळेना म्हणून दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला जातो, मूठ उघडझाप करायला सांगतात, बारीक सुईतून रक्त जोरात ओढलं जातं. मग ती नळी बॅगेत घालून दुचाकीवरून कर्वे रोडच्या गर्दीतून लॅबपर्यंत हिंदकळत जाते.

लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली की वरचा द्रव फिकट पिवळा दिसायला हवा. तो गुलाबी दिसला तर लाल पेशी फुटल्या आहेत, असं समजायचं. लाल पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट झिंक असतं, त्यामुळे त्या फुटल्या की झिंकचा आकडा खोटाच वर जातो. नळी तासन् तास तशीच पडून राहिली तरी तेच होतं. असा नमुना टाकून द्यावा आणि पुन्हा रक्त मागावं, हाच नियम. तुम्हाला रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' असा शेरा दिसला तर त्या आकड्यावर विचारच करू नका.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्या. जेवल्यानंतर रक्तातलं झिंक कमी होतं. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये शिरेतून डाय दिलं असेल तर लॅबला सांगा, त्यातलं आयोडिन आणि गॅडोलिनियम काही दिवस या मोजणीत लुडबुड करू शकतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा.

कॉपर वाढलं म्हणजे गाठ वाईट, असं मानणं

रक्तातलं बहुतेक कॉपर सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, आणि शरीरात कुठेही दाह असला की हे प्रथिन वाढतं. गरोदरपणात वाढतं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं. दाहात झिंक मात्र खाली जातं. म्हणजे पावसाळ्यात तापातून नुकत्याच उठलेल्या बाईने रक्त दिलं, तर कॉपर वर आणि झिंक खाली हे नेटवर वाचलेलं चित्र कॅन्सर नसताना तयार होऊ शकतं.

या तपासण्या निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. विल्सनच्या आजाराचा (शरीरात कॉपर साठत जाणारा आनुवंशिक आजार) संशय असेल, बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, भोसरी-चिंचवडला बॅटरीच्या किंवा शिशाच्या कामावर कोणी असेल, तर त्या जरूर कराव्यात. त्यांचं काम ते आहे.

सुईला घाबरणं

सगळ्या चुकांत मला हीच सर्वांत जास्त टोचते. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे अजूनही घरोघरी ऐकू येतं, शिकलेल्या घरांतही. थायरॉइडच्या गाठीची एफएनएसी, म्हणजे सुईने पेशी काढून तपासणं, अतिशय बारीक सुईने, बहुधा सोनोग्राफीत बघत करतात. तिच्यामुळे आजार पसरण्याची शक्यता नगण्य आहे, आणि ती टाळल्याने होणारं नुकसान खरं आहे.

तपासण्यांचा क्रम साधा आहे. आधी टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) आणि मानेची सोनोग्राफी. टीएसएच कमी असेल तर आयसोटोप स्कॅन, कारण जास्त हार्मोन बनवणारी 'हॉट' गाठ क्वचितच कॅन्सरची निघते. टीएसएच नॉर्मल आहे म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. थायरॉइड कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांचं टीएसएच नॉर्मलच असतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर टायरॅड्सची, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते याची, 1 ते 5 अशी श्रेणी लिहिलेली असते. प्रचलित अमेरिकन पद्धतीत श्रेणी 5 ला 1 सेंटिमीटर, 4 ला 1.5 आणि 3 ला 2.5 सेंटिमीटरपासून पुढे सुई सुचवतात. एफएनएसीचा निकाल बेथेस्डा नावाच्या वर्गीकरणाच्या सहा गटांत येतो : दुसरा गट साधी गाठ, सहावा कॅन्सर, तिसरा-चौथा अनिश्चित. पहिला आला तर पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, म्हणजे तपासणी पुन्हा करायची. तो रिपोर्ट 'काही नाही निघालं' म्हणून कपाटात ठेवू नका.

गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल, मानेच्या बाजूला अवधाण आलं असेल, लहानपणी मानेवर रेडिएशन घेतलं असेल किंवा घरात कोणाला थायरॉइड कॅन्सर झाला असेल, तर पॅकेज बुक करू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा नाक-कान-घशाच्या सर्जनकडे जा. मेड्युलरी या थायरॉइड कॅन्सरच्या वेगळ्या प्रकाराचा संशय असेल तर तिथे कॅल्सिटोनिन ही रक्ततपासणी खरोखर कामाची आहे.

मनानेच गोळ्या सुरू करणं

सेलेनियम कमी दिसलं की मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात. प्रौढाची रोजची गरज साधारण 55 मायक्रोग्रॅम आणि अमेरिकेत ठरवलेली कमाल मर्यादा 400. सतत त्याच्या वर गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. सेलेनियमने प्रोस्टेट कॅन्सर टळतो का, हे तपासणारी 'सिलेक्ट' ही मोठी चाचणी 2008 मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबवावी लागली. झिंक महिनोन् महिने जास्त घेतलं तर शरीरातलं कॉपर घटतं. त्यातून अॅनिमिया आणि नसांचा त्रास होतो.

केसांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिन हे जीवनसत्त्वही लक्षात ठेवा. बऱ्याच मशीनवर त्याने टीएसएच खोटं कमी आणि टी-4 खोटं जास्त दिसतं. थायरॉइडचं रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी काही दिवस, त्या गोळ्या बंद ठेवा.

थायरोग्लोब्युलिन चुकीच्या वेळी करणं

थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन. त्याची तपासणी ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण सांगणारी तपासणी) म्हणून यादीत दिसते, म्हणून लोक ऑपरेशनच्या आधीच करून घेतात. साध्या गाठीतही ती वाढते, त्यामुळे निदानाला तिचा उपयोग नाही. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरसाठी ग्रंथी काढल्यानंतर आजार परततोय का, हे बघायला ती लागते. ती दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा आणि सोबत अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी मोजायला सांगा. या अँटिबॉडी रक्तात असतील तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी येतं, आणि अशा रुग्णांत डॉक्टर मानेच्या सोनोग्राफीवर जास्त भर देतात.